नळ उघडण्याआधीचे पाच सेकंद : ऑटिझम असलेल्या लहानग्याला घरी शिकवताना

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप, कळश्या, बादल्या यांची धावपळ असते. आमच्या घरी त्या सगळ्या गडबडीत अडीच वर्षांचा मुलगा माझं मनगट धरून नळाच्या तोटीवर ठेवायचा. माझ्या तोंडाकडे बघायचा नाही, आवाजही काढायचा नाही. गरम पातेलं उचलायला सांडशी घ्यावी, तसा माझा हात घ्यायचा. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, "बघा, किती कळतं त्याला."

पुढे थेरपिस्टनं पहिला गृहपाठ दिला तो नेमका त्या नळावरचा. "तो हात धरेल तेव्हा लगेच उघडू नका. त्याच्या उंचीला खाली बसा. 'पाणी' म्हणा. मनात पाच मोजा. मग उघडा." मला वाटलं, एवढ्यासाठी फी दिली? कॅलेंडरवरच्या नोंदीप्रमाणे बाविसाव्या दिवशी 'पा' आला. ओठ मिटून उघडले, आवाज अर्धाच निघाला आणि मी नळ इतका जोरात सोडला की दोघंही भिजलो.

मी डॉक्टर नाही. जुळे सोलापुरात राहणारी, आता सात वर्षांच्या झालेल्या मुलाची आई आहे. ज्यांच्या घरात 'ऑटिझम' (मेंदूच्या वेगळ्या घडणीमुळे बोलणं, मिसळणं, वागणं वेगळं असणं) हा शब्द नुकताच आलाय त्यांनी कशानंतर काय करायचं, ते मला जमलं त्या क्रमानं लिहिते. चुकलं तेही लिहिते.

शंका आली की

सासूबाई म्हणायच्या, "बोलंल की. ह्याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता." त्यांचं मन मोडायला नको म्हणून आम्ही आठ महिने थांबलो. ते आठ महिने मला अजून टोचतात.

बोलणं उशिरा येणं ही एकच खूण कधी धरू नका. त्याच्या आसपास काय आहे ते बघा. वर्षाच्या पुढे गेलेलं मूल नावानं हाक मारल्यावर वळतं का? दीड वर्षापर्यंत बोट दाखवतं का? बोट दाखवण्याचेही दोन प्रकार असतात. 'मला ते दे' यासाठी दाखवलेलं बोट वेगळं आणि 'ते बघ, चिमणी' म्हणून दाखवलेलं वेगळं. दुसऱ्यात मुलाला काही नको असतं, आपला आनंद तुम्हाला दाखवायचा असतो. आमच्याकडे तो दुसरा प्रकार नव्हताच. आलेले शब्द गेले असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलात की 'एम-चॅट' नावाच्या प्रश्नावलीबद्दल विचारा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी तिच्यात २० प्रश्न आहेत, उत्तरं पालकांनी द्यायची. ती चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या प्रत्येक मुलाला ऑटिझम असतो असं नाही. खासगीत जाणं जमत नसेल तर अंगणवाडी सेविकेला गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि त्यांच्या तपासणीत वाढीतला उशीर आणि ऑटिझम दोन्ही येतात. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, तरी आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना तो माहीत नाही.

कान तपासून घ्या. 'टीव्हीची जाहिरात लागली की धावत येतो, मग ऐकू येतंच की' असं म्हणून टाळू नका. लहान मुलांची 'बेरा' ही ऐकण्याची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात. आम्ही त्याला आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवलं, पहाटे उठवलं. पठ्ठ्या सात रस्त्याला रिक्षातच झोपला आणि दवाखान्याच्या दारात टक्क जागा! दुसऱ्या वेळी आजीला बरोबर घेतलं. रिक्षाभर ती त्याला गुदगुल्या करत बसली.

निदानाचा कागद हातात येईपर्यंत घरातलं काम अडवून ठेवू नका. पुढे जे सांगते त्यानं कुठल्याही उशिरा बोलणाऱ्या मुलाचं नुकसान होत नाही. शेवटी निदान ऑटिझमचं नाही निघालं, तरी मूल चार शब्द जास्तच शिकलेलं असेल.

ही थेरपी आहे तरी काय

'एबीए' (वागण्याचं निरीक्षण करून शिकवणं), 'बिहेवियर थेरपी', 'अर्ली इंटरव्हेन्शन' (लहानपणीच सुरू केलेली मदत) ही नावं एका दमात कानावर पडतात. गाभा मात्र घरगुती आहे. मुलानं काही करण्याआधी काय घडलं, मग मुलानं काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, या तीन गोष्टी बघायच्या. ज्या वागण्यानंतर हवं ते मिळतं, ते वागणं वाढतं. रडल्यावर मोबाइल मिळत असेल तर रडणं वाढेल. 'दे' म्हटल्यावर मिळत असेल तर 'दे' वाढेल.

सेंटरच्या पत्रकांवर अजूनही १९८७ चा एक अभ्यास मिरवला जातो. अमेरिकेतल्या इव्हार लोवास यांचा. लहान मुलांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षांहून जास्त काळ शिकवलं आणि १९ पैकी ९ मुलं साध्या शाळेत इतरांच्या बरोबरीनं पहिली पास झाली. आकडा खरा आहे. पत्रकावर काय छापत नाहीत, तर गट लहान होता, कुठलं मूल कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं आणि त्या काळी शिकवताना मुलांना ओरडणं, चापट मारणंही चालायचं. आता तसं कुणी करत असेल तर ती थेरपी नव्हे, मारझोड आहे.

नंतरच्या पद्धती जमिनीवर बसून, खेळता खेळता शिकवण्याकडे वळल्या. 'डेन्व्हर मॉडेल' त्यातलं एक. २०१० साली त्याचा अभ्यास आला. दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट, दोन वर्षं काम. डेन्व्हर पद्धतीनं शिकलेल्या मुलांची भाषा आणि समज दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढली. मला मात्र धीर दिला तो २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासानं, कारण तो आपल्या शेजारचा आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मोठ्या पदव्या नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना शिकवलं आणि आईबापांनी मुलांना. मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. म्हणजे हे काम आपल्यासारख्यांच्या घरातही होतं.

ऑटिझम 'बरा' होत नाही. मुलाला काही ताप आलेला नाही. तो जगाकडे ज्या तऱ्हेनं बघतो त्यातच राहून त्याला मागता यावं, नाही म्हणता यावं, स्वतःचं स्वतः करता यावं, एवढ्यासाठी ही खटपट. आज मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं लहानपणच्या थेरपीबद्दल कडवटपणे बोलतात ते मी वाचलंय. डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, शांत बस. त्यांचं ऐकून मी घरात एक नियम केला. त्याचं हात फडफडवणं हे आमच्या यादीत कधीच येणार नाही. ते त्याचं आहे, कुणाला लागत नाही.

पहिला आठवडा : फक्त आवड शोधा

पहिले सात दिवस काही शिकवू नका. वही घ्या आणि मूल मोकळं सोडल्यावर कशाकडे जातं ते लिहा. आमची यादी अशी निघाली: वाहतं पाणी, पंखा, कडक भाकरीचा तुकडा आणि शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून आलेली रिकामी बॉबिन, म्हणजे सुताची रीळ. ती फरशीवर गरगर फिरायची आणि हा पालथा पडून तिच्याकडे बघायचा. मी आणलेलं महागडं आवाजाचं खेळणं यादीत कुठेच नव्हतं.

कडक भाकरीची गंमत वेगळीच. हे पोर मऊ काही तोंडात घेत नसे. वरणभात, केळं, सगळं थुंकून टाकायचं. बिस्किटांवर दिवस चालले होते. एकदा आजीच्या ताटातला ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा उचलला आणि कुरुमकुरुम खात बसला. तेव्हा कळलं, त्याला चवीपेक्षा तो आवाज आणि दाताखालचा कडकपणा हवा आहे. पुढे त्याच तुकड्यावर शेंगाचटणीचा एक कण, मग दोन कण, मग दह्यात टेकवलेलं टोक, असं करत तीन महिन्यांत चार नवे पदार्थ आले. आग्रह केला असता तर तीन महिन्यांत भांडणंच आली असती.

आवड रोज बदलते, म्हणून दोन वस्तू दोन हातांत धरून रोज विचारायचं. ज्याकडे हात जाईल, आजची किंमत त्याला.

मागायला शिकवणं : सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त

मला एकच सल्ला द्यायला सांगितला तर मी हा देईन. रंग, आकडे, एबीसीडी, 'नमस्कार कर' हे सगळं नंतर. आधी मागणं. बाराखडी म्हणणारं पण तहान लागल्यावर डोकं आपटणारं मूल मी पाहिलंय.

असं करा. आवडीची वस्तू दिसेल पण हात पोचणार नाही अशी ठेवा. पारदर्शक डबा सगळ्यात उत्तम. मूल तुमच्याकडे आलं की खाली बसा. घाई नको. पाच सेकंद थांबा. हे पाच सेकंद फार मोठे वाटतात, विशेषतः घरात चार माणसं बघत असतील तर. त्यानं काही केलं, बोट केलं, 'अं' केलं, तुमच्याकडे नजर टाकली, तर त्याच क्षणी वस्तूचं नाव घेऊन द्या. काही केलं नाही तर मदत करा. त्याचं बोट हलकेच धरून डब्याकडे न्या, किंवा शब्द तुम्ही म्हणा, आणि द्या. पहिल्या दिवसांत मूल कधीच रिकाम्या हातानं परत जाता कामा नये. जमलं नाही म्हणून मिळालं नाही, असा अनुभव आला की मूल मागणंच सोडतं.

मग हळूहळू मदत काढून घ्यायची. याला 'प्रॉम्प्ट' कमी करणं म्हणतात आणि इथेच बहुतेक घरं अडकतात, आम्हीही अडकलो. पूर्ण हात धरण्यावरून मनगटाला स्पर्श, तिथून नुसती खूण, तिथून नुसतं थांबणं. मी तीन महिने 'पाणी' आधी स्वतः म्हणत राहिले. परिणाम असा की मी म्हटल्याशिवाय तो म्हणेचना. त्याला वाटलं, खेळाचा नियमच असा आहे: आधी आई म्हणणार, मग मी.

बक्षीस म्हणजे मागितलेली वस्तूच. 'पाणी' म्हटल्यावर चॉकलेट नको, पाणीच. आणि लगेच, दोन सेकंदांच्या आत. तेवढ्यात तुम्ही "अरे व्वा, ऐकलं का हो, बोलला!" म्हणत नवऱ्याला बोलवायला गेलात, तर पोरासाठी तो शब्द वाया गेला.

एक सावधगिरी. जेवण, पिण्याचं पाणी, संडास, झोप यांवर अडवणूक करायची नाही. आमचा नळ हा खेळ होता, तहान नव्हती. तहानलेल्या मुलाला 'आधी बोल' म्हणणं मला पाप वाटतं.

शब्द नसेल येत तर खूण चालते, चित्र चालतं. मी जाड पुठ्ठ्यावर बॉबिनचा, बादलीचा, भाकरीचा फोटो चिकटवला होता. तो पुठ्ठा माझ्या हातात द्यायचा की वस्तू मिळाली. ओळखीत सगळे म्हणाले, चित्रं दिलीस तर बोलायचा आळस करेल. तसं होत नाही, उलट संवादाचा फायदा काय हे कळल्यावर शब्दाला वाट मिळते. आमच्याकडे चित्र देता देताच 'बा...' असा बॉबिनचा पहिला आवाज निघाला.

किती वेळ

आमचं सेंटर आठवड्यात तीन वेळा, पाऊण पाऊण तास. म्हणजे सव्वादोन तास. मूल दिवसाला बारा तास जागं धरलं तर आठवड्याचे ८४. उरलेले जवळजवळ ८२ तास कोणाचे? हा हिशेब केल्यावर मी 'थेरपीला घातलंय' असं म्हणणं बंद केलं.

पण ८२ तास शिकवत बसायचं नाही, वेडं व्हाल. दिवसात पाच-सहा जागा ठरवून टाका. आमच्या होत्या आंघोळ, चप्पल घालणं, गच्चीवर जाणं, दुपारचं खाणं, पंख्याचं बटण आणि झोपायच्या आधी चादरीत गुंडाळून झुलवणं. सोलापुरी चादर त्यासाठी झकास, जाड आणि मजबूत. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, दोन झोके द्यायचे आणि थांबायचं. तो 'अजून'साठी बघेपर्यंत. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं. एवढ्यातच दिवसाला तीस-चाळीस संधी होतात.

रडारड, आपटणं, चावणं

मूल 'हट्टी' आहे असं ठरवून टाकण्याआधी दोन आठवडे लिहा. आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. वेळही लिहा. वागण्यामागे साधारण चार कारणं निघतात: काही हवं आहे, काही नको आहे, कुणाचं लक्ष हवं आहे, किंवा शरीराला ते बरं वाटतं.

आमच्या वहीत एक विचित्र गोष्ट निघाली. डोकं आपटणं बहुतेक सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. सोमवार-गुरुवारच का? त्या दिवशी दुपारी शेजारचे जादा माग चालायचे. दुपारभर ती खटखट ऐकून संध्याकाळी साधा मिक्सर लावला तरी त्याचा बांध फुटायचा. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो आणि तो थकलेला होता! मागाच्या बाजूची खिडकी बंद, कानावर हेडफोन, संध्याकाळी मिक्सर नाही. निम्मं आपटणं तिथेच थांबलं. शिकवणं काहीच नव्हतं त्यात.

जे 'नको' म्हणून होतं त्याला 'नको' शिकवा. हे लोक विसरतात. हात आडवा करणं, मान हलवणं, 'बास' म्हणणं. आणि त्यानं ते केलं की खरोखर थांबा, निदान सुरुवातीला प्रत्येक वेळी. 'बास' म्हणूनही भांग पाडणं चालूच राहिलं तर तो पुन्हा चावणारच, चूक त्याची नाही.

'हवं' म्हणून होणाऱ्या रडण्यापुढे वस्तू देणं बंद केलंत तर आधी ते रडणं वाढतं. दोन-तीन दिवस खूप वाढतं. हे आधी माहीत नसेल तर नेमकं सगळ्यात मोठ्या रडण्यावर घरातलं कुणीतरी विरघळतं आणि मूल शिकतं की एवढं रडावं लागतं. आमच्याकडे विरघळणारे आजोबा होते. त्यांना खिशात चित्राचा पुठ्ठा दिला आणि सांगितलं, "त्यानं हा दिला की लगेच द्या, तुम्हीच द्या." त्यांना देण्यातला आनंद हवा होता, तो राहिला. स्वतःला जखम होईल असं वागणं असेल तर मात्र हे घरी आजमावू नका, तज्ज्ञ बरोबर हवा.

शेवटून सुरुवात

चप्पल घालणं, चड्डी वर ओढणं, हात धुणं अशी कामं तुकडे करून शिकवायची, आणि शेवटचा तुकडा आधी. चड्डी तुम्ही कमरेच्या जरा खालपर्यंत आणा, शेवटचा हिसका त्याला मारू द्या. मूल प्रत्येक वेळी काम 'पूर्ण' करतं आणि शाबासकी त्याच क्षणी मिळते. मग मांडीपासून, मग गुडघ्यापासून. पायापासून यायला आम्हाला पाच महिने लागले.

तीन भाषांचं घर

हे खास आपल्या गावासाठी. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यांच्या तोंडी कन्नड. मी बार्शीची, मराठी. शाळा इंग्रजी. तुमच्याकडे कन्नडच्या जागी तेलुगू असेल, दखनी उर्दू असेल. एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं, "एकच भाषा ठेवा, आजींना मराठीत बोलायला सांगा." आम्ही सांगितलं. काय झालं? आजी त्याच्याशी बोलेनाशाच झाल्या. मराठीत त्या व्यवहाराचं बोलतात, लाडाचं बोलत नाहीत. घरातला सगळ्यात जास्त बोलणारा माणूस आम्ही गप्प केला.

नंतरच्या थेरपिस्टनं हे मोडून काढलं. दोन भाषा ऐकल्यानं ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला गुदगुल्या करता येतात ती बोला. फक्त एका वेळी लहान वाक्य, एकेक शब्द स्पष्ट. आजींचं कन्नड परत सुरू झालं. आज तो मला 'पाणी' म्हणतो आणि अज्जीकडे गेला की 'नीर'. कुणाला काय म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

सेंटर निवडताना

पाटी, रंगीत भिंती, बॉलचा हौद बघू नका. विचारा: मी आत बसू शकते का? नाही म्हणाले तर चपला घाला. माझ्या मुलासाठी तीन महिन्यांची ध्येयं काय, ती लिहून देता का? रडला तर काय करता? घरी करायला काय देता? शिकवणाऱ्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का, हे विचारायलाही लाजू नका. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी तिथे असते.

एका ठिकाणी आम्हाला 'सहा महिन्यांत नॉर्मल' अशी हमी मिळाली आणि पैसे आगाऊ. तिथे दार बंद असायचं. दोन महिन्यांनी मुलगा त्या रस्त्याला वळलं की रिक्षाच्या दांडीला घट्ट धरायला लागला. शब्द नव्हता, पण सांगितलं ना त्यानं? आम्ही ऐकायला आणखी तीन आठवडे घेतले. पैसे बुडाले.

हमी देणारा, स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवणारा, रक्तातले जड धातू काढतो म्हणणारा, या तिघांपासून लांब राहा. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा मूळ शोधनिबंध २०१० मध्ये त्याच नियतकालिकानं मागे घेतला, तेव्हा धाकट्याची लसही चुकवू नका.

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते, त्यात मुलाच्या वागण्याविषयी ४० मुद्द्यांची 'आयसा' प्रश्नावली असते, आणि मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंद असली की बहुतेक सवलतींचं दार उघडतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा खर्च त्यात बसतो. बिलं मात्र जपून ठेवा, नाव आणि तारखेसकट. जुन्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्यांना ७५ हजारांची (१९६१ च्या आयकर कायद्यातलं ८० डीडी कलम), ८० टक्के किंवा त्याहून जास्त नोंद असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. 'आपल्या पोराला दिव्यांग कशाला म्हणवून घ्यायचं' यात आमच्या घरानं एक वर्ष घालवलं.

नोंद

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत पेन्सिलनं दोन आकडे: किती संधी दिल्या, किती वेळा त्यानं मदतीशिवाय मागितलं. पहिल्या आठवड्यात १५ ला ०. सहाव्या आठवड्यात २० ला ६. मग आजारपण आलं आणि परत २. मनावर विसंबलात तर वाईट दिवशी वाटतं काहीच झालं नाही. कॅलेंडर मागे उलटलं की दिसतं. तीन आठवडे आकडा हललाच नाही तर मूल ढ नसतं. बक्षीस शिळं झालेलं असतं किंवा पायरी फार उंच असते. ती बदला.

घरात जमलेलं बाहेर जमेलच असं नाही. नळावर 'पाणी' म्हणणारा मुलगा मामाकडे बार्शीला दोन दिवस गप्प होता. त्यामुळे एकच शब्द वेगळ्या माणसांबरोबर, वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात मुद्दाम वापरून घ्यावा लागतो. नवी पेठेत एका ठरलेल्या दुकानदाराला आम्ही आधी सांगून ठेवलं होतं की मुलानं चित्र पुढे केलं की काही न बोलता बिस्किटाचा पुडा द्या. त्या माणसानं वर्षभर इमानानं ते केलं.

गड्ड्याची तयारी

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, तीच गड्डा. पाच वर्षांचा होईपर्यंत आम्ही त्याला घरी ठेवून आळीपाळीनं जायचो. मग ठरवलं, नेऊन बघू.

तयारी तीन आठवडे. आधी होम मैदान रिकामं असताना नेलं, नुसतं फिरवलं. मग पाळणे उभे राहत होते तेव्हा, दुपारी. घरी सहा फोटोंची पट्टी केली: रिक्षा, देऊळ, गर्दी, पाळणा, भेळ, घर. रोज रात्री ती बोटानं वाचायची. शेवटच्या चित्रावर तो जास्त वेळ बोट ठेवायचा. कानाला हेडफोन, खिशात बॉबिन, आणि गळ्यातल्या दोरीला एकच चित्र, 'घर'. घरातल्या सगळ्यांना दम भरला होता, त्यानं ते दाखवलं की त्या क्षणी निघायचं, मग रांगेत नंबर आलेला असो.

काठ्या दिसल्या. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वर डोलणारे नंदीध्वज. त्यानं हात फडफडवले, भरभरून. मग माझ्या मनगटाला हात लावला. मी वाकले. त्यानं बोट वर केलं, ध्वजाकडे, आणि माझ्याकडे बघितलं. काही मागत नव्हता.

पाळण्याच्या तिकिटाच्या रांगेत आम्ही सातव्या नंबरावर होतो तेव्हा त्यानं गळ्यातलं चित्र उचललं आणि म्हणाला, "घली."

आजोबा म्हणाले, "आता आलोच की जवळ, दोन मिनिटं बे..." आणि स्वतःच थांबले. रिक्षा केली, घरी आलो. पाळणा राहिला.